राड, लोंदे, वाफसा: इंग्लंडमधल्या फेब्रुवारीच्या चिखलासाठी शब्द

(शब्दांबद्दलची ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओढ्याकाठी
ईस्ट ससेक्समध्ये बर्विक स्टेशनला उतरून सेल्मेस्टन आणि अल्सिस्टन या गावांच्या शेतांमधून उतरत्या हिवाळ्यात केलेल्या भटकंतीवर लिहितो आहे. दर दोन वाक्यांनी 'चिखल' येतोय, आणि तो चिखल तर दर शेतात वेगळा. फाटकाशी गुरामेंढरांनी तुडवलेला, नांगरटीत बुटांना चिकटून पाय जड करणारा, ओढ्याकाठी काळा आणि कुजका.

याच सेल्मेस्टनचे पाद्री विल्यम डग्लस पॅरिश यांनी १८७५ साली ससेक्स बोलीचा कोश छापला. तिथल्या बोलीत 'क्लॉजी' म्हणजे पावसानंतरची चिकट, ओली वाट. 'गबर' म्हणजे कुजक्या पाल्यापाचोळ्याचा काळा चिखल. 'स्टोच' म्हणजे ढोरांनी ओली जमीन तुडवून तिचा चिखल करणं. आपल्याकडे यांच्या जोडीचं काय आहे? आणि कुंपण ओलांडायला ज्या लाकडी पायऱ्या असतात, त्या 'स्टाइल'ला काय म्हणावं?

काळीभोर
तुडवलेल्या फाटकाशी 'राड'. चिखल हा पदार्थ, राड ही त्या जागेची झालेली अवस्था, म्हणून 'फाटकाशी राड झाली होती' असं लिहा. बुटांना 'लोंदे' लागतात. ओढ्याकाठच्याला 'रेंदा' चालेल. 'गाळ' नको, तो पाण्यानं वाहून आणून खाली बसवलेला असतो.

पण तुमच्या लेखाला खरा लागणारा शब्द 'वाफसा' आहे. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं, जादा पाणी झिरपून गेलं की माती मुठीत दाबल्यावर गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो. तो वाफसा. मग पेरणीला हात घालायचा. इंग्लंडमधल्या जड चिकणमातीला ऐन हिवाळ्यात सहसा वाफसाच येत नाही. लंडनचा वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. तरी चिखल हटत नाही, कारण सूर्य खाली, दिवस लहान, गवताची वाढ थांबलेली, त्यामुळे पाणी वर उडत नाही आणि चिकणमाती ते खालीही सोडत नाही. आपल्या वाचकाला चिखल म्हटलं की धो धो पाऊस दिसतो. 'रान अजून वाफशावर आलं नव्हतं' एवढं लिहिलंत की शेतकरी वाचकाला सगळं कळेल.

गडग्याआड
'स्टोच'ला कुणी 'चिखलणी' सुचवायच्या आत सांगतो, तो शब्द वापरू नका. चिखलणी भातलावणीसाठी मुद्दाम, मेहनतीनं करतात. गुरांनी तुडवलं ती चिखलणी नव्हे.

कोकणात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, वाटेवर 'बेडं' असतं, पण त्याचे आडवे बांबू सरकवून आत जायचं असतं. स्टाइल चढून ओलांडतात. म्हणून 'कुंपणाच्या पायठण्या' म्हणा, किंवा सरळ 'पायऱ्या'. इंग्लंडमध्ये एकेका माणसालाच जाता येईल असं, गुरांना अडवणारं झुलतं फाटकही असतं. त्याला नवा शब्द घडवू नका, वर्णन करा.

वहिवाट
चिखलाइतकीच वाटेची अडचण आहे. तुम्ही 'शेतातून गेलो' लिहाल आणि इथला वाचक म्हणेल, दुसऱ्याचं पीक तुडवलं! तिथल्या सार्वजनिक पाऊलवाटा १९४९च्या कायद्यानुसार अधिकृत नकाशांवर नोंदवलेल्या आहेत. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण साधारणपणे १४ दिवसांत ती निदान एक मीटर रुंदीची पुन्हा आखून द्यावी लागते. म्हणूनच माणसं नांगरटीतून चालतात आणि लोंदे गोळा करतात.

'पाणंद' लिहू नका, ती गाडीबैलांची, दोन्हीकडे बांध असलेली. 'वहिवाट' जवळचा आहे. इंग्लंडमध्ये लोकांनी २० वर्षं विनाअडथळा वापरलेली वाट सार्वजनिक झाली असं कायदा गृहीत धरतो. आपल्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातही २० वर्षंच आहेत, पण त्यात हक्क मिळतो तो ठरावीक जमिनीच्या धारकाला, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही नव्हे. 'हक्काची पाऊलवाट' मला सर्वांत बरोबर वाटतं.

ओढ्याकाठी
राड, लोंदे, रेंदा, वाफसा आणि हक्काची पाऊलवाट घेतले. 'पायठण्या' आवडला, पहिल्यांदा येईल तिथे समजावून देईन. आता एकच उरलं. पुढे वाट 'डाऊन्स' नावाच्या टेकड्यांवर चढते. तिथे खडूचा खडक आहे आणि चिखल पांढुरका, गुळगुळीत. त्याला 'शाडू' म्हणू?

काळीभोर
नुसतं शाडू म्हटलंत तर गणपतीची मूर्तीच डोळ्यांपुढे येईल. 'शाडूसारखा पांढुरका, निसरडा चिखल' असं पूर्ण लिहा. आणि 'निसरडा' गाळू नका, त्या चढावर पाय घसरतो तो त्यामुळेच.