मदत हवी आहे: माइनक्राफ्ट या खेळात घर हरवलंय, लवकर सांगा

सायली_ठाणे
भाची सुट्टीला आलीय, चौथीत आहे. चार दिवस आम्ही दोघींनी मिळून घर बांधलं. काल ती खेळात दरीत पडून मेली आणि आता घरी न जाता भलत्याच किनाऱ्यावर उठते. तासभर फिरतोय, घर दिसत नाही. चेस्टमध्ये (सामानाच्या पेटीत) 7 हिरे आहेत, घोड्याचं खोगीर आहे. सकाळपासून धड जेवलेली नाही. परवा ती परत जाणार. नवीन वर्ल्ड सुरू करा असं कृपया सांगू नका. घर कसं शोधायचं तेवढं सांगा.

रानवाटा
कशावर खेळताय, खेळाची जावा आवृत्ती की बेडरॉक? बेडवर झोपला होतात का?

हिरा_खाणवाला
7 हिऱ्यांसाठी कशाला शोधताय? वाय (उंचीचा आकडा) उणे 59 ला उतरा आणि सरळ बोगदा खणत जा. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून जमीन उणे 64 पर्यंत खोल गेलीय, तळाशी हिरे जास्त. पिकॅक्स (कुदळ) लोखंडी हवी, दगडीने फोडलंत तर ब्लॉक जातो आणि हिरा हाती लागत नाही.

रानवाटा
हिरे कुठे मिळतात हे त्यांनी विचारलेलंच नाही. त्यांच्याकडे आत्ता लाकडी पिकॅक्सही नाही. आणि तेवढ्या खोल गुहांत लाव्हा भरलेला असतो. पाण्याच्या बादलीचं न सांगता लहान मुलीला तिथे पाठवू नका.

सायली_ठाणे
टॅबवर खेळतो. जावाबिवा माहीत नाही. बेडवर रोज झोपायचो, म्हणून तर कळत नाहीये. अजून किनाऱ्यावरच आहोत.

मुळशीकर
टॅब म्हणजे बेडरॉक. चीट्स (खेळाचे नियम बदलायची सोय) चालू करा आणि त्यात कीप इन्व्हेंटरी ऑन करा. मेलं तरी सामान जात नाही. मी मुलाला पहिल्याच दिवशी करून दिलं.

जुना_गडी
थांबा, लगेच करू नका. चीट्स एकदा चालू केल्या की त्या वर्ल्डमध्ये अचिव्हमेंट्स (खेळात काही साधलं की मिळणारी पदकं) कायमच्या बंद. नंतर चीट्स बंद केल्या तरी परत मिळत नाहीत.

मुळशीकर
चौथीतल्या मुलीला अचिव्हमेंट्स काय करायच्यात? पोरगी जेवत नाहीये ते बघा.

जुना_गडी
माझी मुलगी दुसरीत असल्यापासून एकेक मोजते. ते तिचं तिला ठरवू द्या. शिवाय सामान गेलंय कुठे? चेस्टमधलं सगळं जागच्या जागी आहे. घर सापडत नाहीये, आणि कीप इन्व्हेंटरीने घर सापडत नाही.

गडकोट
थोडं विषयांतर. घर सापडलं की त्याच जागी किल्ला बांधा. आमच्या मुलांनी दिवाळीचा मातीचा किल्ला करण्याआधी राजगड या खेळात बांधून पाहिला. मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी माची. बुरुजांवर टॉर्च लावल्या की रात्री लांबूनही ओळखू येतो.

रानवाटा
सायलीताई, दरीकडे जाताना बेड सोबत नेला होता का?

सायली_ठाणे
हो. वाटेत रात्र झाली तेव्हा त्यावर झोपली आणि सकाळी उचलून बरोबर घेतला. त्याचा काय संबंध?

रानवाटा
सगळा संबंध त्याचाच. ज्या बेडवर शेवटचं झोपता तिथे परत उठता. तो बेड जागेवरून काढला की खेळ तुम्हाला पहिल्या दिवशी जिथे सुरुवात झाली त्या जागेच्या आसपास सोडतो. म्हणजे तो किनारा अनोळखी नाही, तुमचा पहिला किनारा आहे. तिथून पहिल्या दिवशी कुठे चालत गेलात ते भाचीला विचारा. मुलांच्या लक्षात असतं.

सायली_ठाणे
ती म्हणते समोर सूर्य उगवत होता, तिकडे गेलो. आणि आम्ही आज उलटीकडे किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत होतो.

जुना_गडी
मग पूर्वेला जा. सूर्य तिथेही पूर्वेलाच उगवतो. तरी चुकामूक नको असेल तर असं करा: वर्ल्डच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर टॅप करून खाली कॉपी वर्ल्ड आहे. कॉपीमध्ये क्रिएटिव्ह (ज्यात उडता येतं तो खेळाचा प्रकार) लावा, उडीचं बटण पटकन दोनदा दाबून उडा, वरून घर शोधा आणि कोऑर्डिनेट्स (जागा सांगणारे आकडे) कागदावर लिहा. मग मूळ वर्ल्डमध्ये शो कोऑर्डिनेट्स चालू करून चालत जा. त्याने अचिव्हमेंट्स जात नाहीत.

मुळशीकर
हे मला माहीत नव्हतं. कॉपीची युक्ती माझ्यापेक्षा चांगली.

सायली_ठाणे
सापडलं!! किनारा 20, 63, उणे 12. घर 412, 71, उणे 268. सूर्याकडे 392 ब्लॉक आणि डावीकडे 256. एवढंसंच अंतर, पण मध्ये टेकडी आहे म्हणून दिसत नव्हतं. दाराशी लावलेलं लाल फूल दिसल्यावर भाची जी ओरडली, शेजारच्या काकू बघायला आल्या. आता चेस्टसमोर बसून वरणभात खातेय. मेंढ्यांची लोकर पेटीत होती, नवा बेड करून घरातच ठेवलाय. रानवाटा आणि जुना_गडी, मनापासून आभार.
एकच राहिलं. दरीत पडलेलं सामान गेलंच का? लोखंडी तलवार होती.

जुना_गडी
पडलेली वस्तू 5 मिनिटांत नाहीशी होते, पण ती मिनिटं तुम्ही त्या भागाजवळ असतानाच मोजली जातात. तुम्ही आज दिवसभर लांब होतात, तेव्हा लाव्हात पडली नसेल तर आशा आहे. दरीजवळ पोचलात की रेंगाळू नका, थेट उतरा. जाताना टॉर्च उजव्या हाताला लावत जा, परतताना त्या डावीकडे दिसल्या पाहिजेत. आणि बेड घरीच राहू दे, वाटेसाठी दुसरा करा पण त्यावर झोपू नका.

रानवाटा
झोपायचं नसेल तर दुसरा बेड कशाला? दिवसा जाऊन दिवसा या. दिवस 10 मिनिटांचा असतो, 5 मिनिटं झाली की मागे फिरा.