प्रति : कमोडपेक्षा बसवणावळ जास्त कशी?

कमोडच्या किमतीपेक्षा तो बसवण्याचाच खर्च अधिक का, असे आपण विचारले आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी देशी भांडे काढताना मलाही हाच प्रश्न पडला होता. खरा पैसा फोडकाम, राडारोडा उचलणे आणि निचऱ्याचा पाइप सरकवणे यांत जातो. म्हणून खरेदीपूर्वी कमोडचा निचऱ्याचा वाकडा मार्ग (ट्रॅप) जमिनीत उतरणारा एस-ट्रॅप हवा की भिंतीतून जाणारा पी-ट्रॅप हे ठरवावे आणि एस-ट्रॅप असल्यास टाइल्ससह तयार भिंतीपासून निचऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजूनच भांडे घ्यावे. आम्ही टाइल्सची जाडी विसरलो (चूक माझीच) आणि फरशी दुसऱ्यांदा फोडली. ठोक आकड्याऐवजी कामवार दरपत्रक मागावे. वॉटरप्रूफिंगमध्ये मात्र काटकसर नको. टाइल्सपूर्वी किमान २४ तास पाणी साठवून खालचे छत तपासावे.