जिरे आणि संत्र्याचा रस: १०० ग्रॅमची तुलना कितपत ग्राह्य धरावी?

प्रश्न:
नमस्कार. जिरे आणि संत्र्याचा ताजा रस यांच्या पोषणमूल्यांचे तक्ते मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. १०० ग्रॅम जिऱ्यात सुमारे ६६ मिलिग्रॅम लोह, ९३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १७९० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर तेवढ्याच रसात हेच आकडे अनुक्रमे ०.२, ११ आणि २०० इतके खाली येतात. रस ठळकपणे पुढे आहे तो क जीवनसत्त्वात: ५० मिलिग्रॅम, जिऱ्यात मात्र ८ च्या आसपास. घरात एका व्यक्तीचे हिमोग्लोबिन कमी आले आहे. अशा वेळी रसाऐवजी जिऱ्यावर भर देणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
आपले आकडे बरोबर आहेत, पण तक्ता ज्या मापावर उभा आहे ते माप फसवे आहे. १०० ग्रॅम जिरे म्हणजे जवळजवळ पन्नास लहान चमचे. एवढे जिरे एका दिवसात कोणी खात नाही. एका लहान चमच्यात साधारण २ ग्रॅम जिरे मावतात आणि त्यांतून १.३ ते १.४ मिलिग्रॅम लोह, २० मिलिग्रॅमच्या आतबाहेर कॅल्शियम आणि ३६ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. याउलट २५० मिलिलिटर रसाच्या पेल्यात पोटॅशियम ५००, क जीवनसत्त्व १२५ आणि कॅल्शियम सुमारे २७ मिलिग्रॅम असते, म्हणजे ज्या कॅल्शियममध्ये जिरे ऐंशी पटींहून पुढे दिसत होते, त्यातही प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्या मापाने रसच किंचित सरस ठरतो. लोहात मात्र चमचाभर जिरे पेलाभर रसाला, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमला, सहज मागे टाकतात.

दुसरा मुद्दा पाण्याचा. रसात सुमारे ८८ टक्के पाणी असते, जिऱ्यात ८ टक्के. दोन्हींतील पाणी वजा करून केवळ कोरड्या भागाचा हिशेब केला, तर १०० ग्रॅममागे पोटॅशियम रसात १७०० आणि जिऱ्यात १९५० मिलिग्रॅमच्या घरात येते, म्हणजे नऊ पटींची ती तफावत बहुतांशी पाण्याचीच होती. लोहाचे तसे नाही. तेथे कोरड्या वजनावरही जिरे सुमारे चाळीस पट पुढे राहतात.

प्रतिसाद २:
वरील हिशेबाला एक पुस्ती जोडतो. जिऱ्यातील लोह वनस्पतीजन्य असल्यामुळे त्याचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि मसाल्यांतील पॉलिफिनॉल व फायटेट ही द्रव्ये त्यात आणखी अडथळा आणतात. क जीवनसत्त्व या लोहाला फेरस (सहज शोषल्या जाणाऱ्या) रूपात आणून विरघळलेले ठेवते, त्यामुळे ते आतड्यात शोषले जाणे सोपे होते. मात्र दोन्ही एकाच जेवणात पोटात जायला हवीत. तेव्हा ‘रसाऐवजी जिरे’ हा पर्यायच मला चुकीचा मांडलेला वाटतो. दळलेल्या मसाल्यांतील लोहाचा आकडा मातीमुळे किंवा यंत्राच्या झिजेमुळे फुगलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग रोज जेवणासोबत पेलाभर रस सुरू करावा का?

प्रतिसाद ३:
रोज पूर्ण पेला घ्यावा असे मी म्हणणार नाही. त्यात सुमारे २१ ग्रॅम साखर असते आणि रसातील नैसर्गिक साखरसुद्धा जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजते. ही साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी तिची शिफारस आहे. अख्खे संत्रे खाल्ले तर १०० ग्रॅममागे क जीवनसत्त्व जवळपास तेवढेच मिळते, शिवाय २.४ ग्रॅम तंतू मिळतात, जे रसात ०.२ ग्रॅमवर येतात. हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळेच घटले आहे का, हे आधी डॉक्टरांकडून फेरिटिनची (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करून ठरवून घ्यावे, कारण ब१२ किंवा फोलेट (ब९) या जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही ते घटते. फोलेट रसाच्या पेल्यात ७५ मायक्रोग्रॅम असते खरे, पण ब१२ या दोन्ही पदार्थांत मुळीच नसते.