१५ ऑगस्टला चर्चमध्ये बोलू का गप्प बसू? (आणि त्या रीलवर सही करू का?)

रविवारचा_सोलापूरकर

जय ख्रिस्त आणि बाकीच्यांना नमस्कार. मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन असतं, मग आत छोटी उपासना, देशासाठी प्रार्थना, संडे स्कूलच्या पोरांची दोन गाणी आणि कुणातरी एकाचं भाषण. यंदा भाषण माझ्या गळ्यात पडलंय. टिपण काढलं, पाळक साहेबांना द्यायच्या आधी म्हटलं चर्चच्या कमिटीतल्या एका पंचांना दाखवू, तर त्यांनी खिशातनं पेन काढलं आणि अर्ध्या पानावर उभी रेघ मारली. त्यात काय असं भयंकर होतं? नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, मिल बंद पडल्यापासनं आपली पोरं पुण्याला पळालीत ते, आणि देशात काही ठिकाणी घरातल्या प्रार्थनासभेवर लोक चालून जातात त्याबद्दल दोन वाक्यं. कुणाचं नाव नाही, पक्ष नाही. ते पंच काका म्हणाले, हेच दुसरा बोलला तर ती तक्रार असते, आपण बोललो की देशद्रोह.

आता दुसरी गोष्ट. त्याच आठवड्यात मंडळीच्या ग्रुपवर एक रील आला, कुणी कॉमेडी करणारा पोरगा प्रभुभोजनाची (उपासनेत भाकर-द्राक्षारस घेतो त्या विधीची) टिंगल करतोय, द्राक्षारसावरनं दोन फालतू जोक. मला राग आला का? आला, खोटं कशाला बोलू. तर हेच काका आणि आमचा तरुण संघ निवेदन घेऊन पोलीस स्टेशनला निघालेत, गुन्हा दाखल करा म्हणून. सह्या चालू आहेत, मी अजून केलेली नाही, त्यामुळे आता घरोघरी माझी चर्चा.

मला हेच कळेना झालंय. आपण बोलायचं असतं तेव्हा आपण अल्पसंख्य, गप्प बसलेलं बरं. आणि आपल्याबद्दल दुसरा बोलला की त्याला गप्प करायचं. हे दोन्ही एकाच श्रद्धेतनं कसं काय निघतं?

देशप्रेमाचं म्हणाल तर झेंड्यापुढे उभं राहताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण पूजा मी एकाचीच करतो, ती पहिली आज्ञाच आहे, आणि देशाची पूजा करत नाही म्हणून प्रेम कमी आहे असं मला वाटत नाही. उलट ज्याची पूजा करतो त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, ज्याच्यावर प्रेम असतं त्याच्याशी भांडतोच की माणूस. कैसराचं, म्हणजे रोमी सम्राटाचं, कैसराला द्या असं प्रभू म्हणाला खरं, पण नाण्यावर कैसराचा चेहरा होता म्हणून ते नाणं त्याचं. माझ्यावर कुणाचा छाप आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. मग माझी जीभ कैसराच्या खात्यात कधी जमा झाली?

बोलू का नको, आणि सही करू का नको, एवढंच सांगा. उपदेश कमी दिला तर बरं होईल.

---

विजापूरवेस_बॉय

काय लोड घेऊलालास बे एवढा. मी काय तुमच्यातला नाही, आमच्या घरी सिद्धरामेश्वर, पण विषय सोलापूरचा हाय म्हणून लिहितोय.

१९३० ला आपल्या नगरपालिकेवर तिरंगा लागला तेव्हा इंग्रजाच्या हिशेबात तोच देशद्रोह होता. मग मार्शल लॉ. झेंडा धरला की आत, गांधी टोपी घातली की आत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. त्यातले कुर्बान हुसेन तर स्वतः पेपर चालवायचे. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान, आणि चौघांचे पुतळे एकाच चौकात. चौकातनं रोज जातो आपण, सिग्नल सुटायची वाट बघत हॉर्न वाजवतो, त्याच्या पलीकडं काय नाही. ज्या गावात सरकारला उलटं बोलल्याबद्दल माणसं फासावर गेली त्या गावात पाण्याबद्दल बोलायला परमिशन लागते व्हय?

पाण्याचं तर बोलच. त्यात धर्म कुठनं आला, आमच्या गल्लीतबी पाचव्या दिवशीच येतं आणि ते पण पहाटे तीनला.

---

जुना_मंडळीकर

वरच्या भाऊंचं बोलणं ऐकायला छान आहे. मी या मंडळीत जन्मलो, बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं. त्या पंचांची बाजू कुणीच मांडेना म्हणून मी मांडतो.

बाळा, तू बोलशील कंपाउंडमध्ये, पण ते राहणार आहे का कंपाउंडमध्ये? कुणीतरी मोबाईल धरलेला असणार. त्यातली वीस सेकंदं कापली जाणार, वर काहीतरी लिहून फिरवली जाणार. तू शहरात आहेस, ओळखी आहेत, तुला कोण काय करणार नाही. पण तालुक्याला एखाद्या खेड्यात घरातल्या घरात उपासना घेणारी जी तीन-चार कुटुंबं असतात त्यांच्या दारात लोक जाऊन उभे राहतात, त्यांनी तुझं भाषण ऐकलेलं पण नसतं. किंमत कोण देणार हे बघून धाडस करावं माणसाने. याला तुम्ही भीती म्हणा, मी जबाबदारी म्हणतो.

आणि पवित्र शास्त्रात रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय पण आहे, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणून. सोयीची वचनं सगळ्यांनाच पाठ असतात.

रीलबद्दल मात्र मी सही केली आहे. प्रभुभोजन हा जोकचा विषय नाही, विषय संपला.

---

काळा_कोट

कोर्टातला माणूस आहे, ख्रिस्ती पण आहे (कॅथलिक, त्यामुळे तुमच्या पंचांच्या भानगडीत पडत नाही).

आधी सही. पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं २९५अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसत्या भावना दुखावून भागत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केला असं दाखवावं लागतं. फालतू जोकमधनं दुष्ट हेतू काढणं अवघड. पण तो कोर्टातला भाग झाला, त्याच्या आधी त्या पोराला चकरा मारून मारून घाम फुटेल, आणि बऱ्याच निवेदनांचा उद्देश तेवढाच असतो. निवेदन देऊ नका असं मी म्हणत नाही, ते देणं हासुद्धा बोलण्याचाच हक्क आहे. आम्हाला वाईट वाटलं, हे आमच्यासाठी पवित्र आहे, एवढं लिहा की. पण गुन्हा दाखल करा म्हणताना ध्यानात ठेवा, उद्या एखादा पाळक मूर्तिपूजेवर प्रवचन देतो आणि त्याची क्लिप कापली जाते तेव्हा हेच कलम त्याच्या समोर येतं. २००६ ला त्या द विंची कोड सिनेमावर बंदी घाला म्हणून आपलीच माणसं रस्त्यावर होती, काही राज्यांनी घातली पण, सुप्रीम कोर्टाने बंदीची याचिका फेटाळली. आज तो सिनेमा कोण बघतंय? एक तरी कुटुंब त्यामुळे चर्चला यायचं थांबलं का?

आता भाषण. आपल्या लोकांना कलम २५ पाठ असतं, धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात प्रचाराच्या हक्कावर चांगला वाद झाला, तेव्हा क. मा. मुन्शींनी साधारण असं सांगितलं की हा हक्क इथे वेगळा लिहिला नाही तरी भाषणस्वातंत्र्यामुळे कुठल्याही समाजाला आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून द्यायची मोकळीक राहणारच आहे. म्हणजे २५ च्या पायाखाली कलम १९ आहे, भाषणस्वातंत्र्याचं. दुसऱ्याचं १९ कापायला निघालो की आपण आपलीच फांदी कापतोय.

केरळची केस पण वाचा, बिजो इमॅन्युएल, १९८६. यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडं, शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून म्हणायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी परत घ्यायला लावलं, राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे असा कायदा नाही आणि आदराने उभं राहणाऱ्याने अपमान केला असं होत नाही. आमच्या घरात यावरनं जोरदार भांडण झालेलं, वडील म्हणाले म्हणायला काय जातंय त्या पोरांचं. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने म्हणतो, बेसूर म्हणतो, आणि तरी मला वाटतं निकाल बरोबर आहे.

---

माहेर_सोलापूर_सासर_पुणे

मंडळीकर काकांना एक सांगायचंय, आदर ठेवूनच. रोमकरांस १३ लिहिणारा पौल स्वतः किती वेळा तुरुंगात गेला ओ? आणि फिलिप्पैमध्ये चौकशी न करता फटके मारले, सकाळी गुपचूप सोडायला निघाले तर तो म्हणतो, आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. प्रेषितांची कृत्ये १६. नागरिक म्हणून हक्क मागणं हे अधीन न राहणं असतं तर पौलच नापास.

बाकी आपल्या पोरांना आपलाच इतिहास कुणी शिकवत नाही. नारायण वामन टिळक म्हटलं की भजनं आठवतात, पण ख्रिस्ती झालो म्हणजे परदेशी झालो असं त्यांनी कधी मानलं नाही, अभंग-ओवीतच ख्रिस्त गायला. जे. सी. कुमारप्पा घ्या, तमिळ ख्रिस्ती माणूस. दांडी यात्रेच्या काळात गांधीजींचं यंग इंडिया साप्ताहिक सांभाळलं आणि त्यातल्या लिखाणाबद्दल तुरुंगात गेले. तेव्हाचे मोठे बिशप सविनय कायदेभंगाच्या विरोधात होते. कुमारप्पांनी बिशपांना उलट उत्तर दिलं, ख्रिस्ताचंच नाव घेऊन. म्हणजे भाषणावर रेघ मारणारे पंच तेव्हापण होते, फक्त झगा मोठा होता 😄

तू बोल. आणि दुसऱ्याच्या दारात संकट येईल हे काकांचं म्हणणं पण मला खरं वाटतं, ते उडवून लावू नकोस. ती दोन वाक्यं असतील तर आधी त्या खेड्यातल्या माणसांनाच फोन कर, तुमच्याबद्दल बोलू का विचार. त्यांनी नको म्हटलं तर काढ. त्यांच्या वतीने धाडस करायचा हक्क तुला पण नाही आणि त्यांच्या वतीने घाबरायचा काकांना पण नाही.

---

सेटलमेंटचा_नातू

सगळे इतिहास सांगायलेत तर माझा पण ऐका.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमधले. इंग्रजांनी काही जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या, १८७१ चा कायदा. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास. दिवसा मिलमध्ये काम, सुटलं की परत तारेच्या आत. आजोबा म्हातारपणी आमच्याकडं असताना पण संध्याकाळ झाली की दाराकडं बघत बसायचे, कुणी घरी आलं नसलं की त्यांचा जीव वरखाली, हजेरी चुकंल म्हणायचे. आणि ती सेटलमेंट सरकारसाठी चालवत कोण होतं? अमेरिकन मराठी मिशन. तुमचेच लोक.

शाळा काढली त्यांनी, औषधपाणी केलं, आमच्यातले काही शिकले ते तिथंच, हे मी नाकारत नाही. पण तार काढा असं कुणी सरकारला ओरडून सांगितलं असं आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तार राहू दे, आत आम्ही प्रेमाने वागवतो, असा तो कारभार. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. १५ ऑगस्टनंतर पाच वर्षांनी. आम्ही विमुक्त दिन करतो तो त्या तारखेला, तुमच्या किती मंडळींना माहीत आहे?

म्हणून अधीन राहा वगैरे ऐकलं की मला तार दिसते. तुमचा धर्म सरकारशी नीट जमवून होता तेव्हा तुम्हाला कुणी देशद्रोही म्हटलं नाही. आज म्हणायलेत तर एवढं हबकून जाऊ नका. तुमच्या देवाला पण सरकारनेच मारलं ना, धर्मगुरूंच्या तक्रारीवरनं? मग निवेदनावर सह्या करताना त्याची आठवण येत नाही का कुणाला?

---

जुना_मंडळीकर

शेवटचं वाक्य लागलं. उत्तर लगेच देत नाही. सही मात्र मागे घेत नाही अजून.

सेटलमेंटबद्दल भाऊ म्हणतात ते खरं आहे. आमच्या वडिलांच्या ओळखीतली माणसं तिथे नोकरीला होती, आम्हाला ते सेवाकार्य म्हणूनच सांगितलं गेलं.

---

रविवारचा_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार, विजापूर वेसवाल्याचे पण, पहाटे तीनच्या पाण्याला आमेन.

ठरवलं ते असं. निवेदनावर सही नाही. वकील साहेब म्हणतात तसं चार ओळींचं पत्र त्या पोराला थेट पाठवतो, आम्हाला हे लागलं एवढंच, आणि एखाद्या रविवारी येऊन बघ प्रभुभोजन काय असतं. येईल न येईल. पाणी आणि मिल भाषणात राहणार, पंचांनी परत रेघ मारली तर न बघता बोलेन. प्रार्थनासभांची दोन वाक्यं अजून अडकलीत, ताईंनी सांगितलं तसं आज बार्शीकडच्या एका कुटुंबाला फोन केला. ते म्हणाले विचार करून सांगतो, आणि मग त्यांनी मलाच विचारलं, तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना.

सेटलमेंटचा_नातू, तुम्हाला विचारायचं होतं. मी तुमच्या आजोबांची गोष्ट माझ्या तोंडून सांगणं बरं दिसत नाही. तुम्ही याल का? पाच-सात मिनिटं, मंडळीसमोर, इथे लिहिलंय तेच.

---

सेटलमेंटचा_नातू

यायला मला काय. पण आधी तुमच्या पंचांना विचारा, बाहेरचा माणूस माईकवर उभा राहून मिशनबद्दल हे बोलणार आहे, चालेल का. आणि माझ्या टिपणावर पेन फिरवायचं नाही, हे आत्ताच सांगतो.

---

जुना_मंडळीकर

पंचांशी मी बोलतो. सकाळी आठला झेंडा आहे, साडेसातला या.