लॉरेन जॅक्सन: निवृत्तीनंतरचं थोडं
ऑस्ट्रेलियाची बास्केटबॉलपटू लॉरेन जॅक्सन हिची कारकीर्द सांगताना बहुतेकदा २०१६च्या निवृत्तीपाशी थांबतात, म्हणून ही भर. गुडघ्याने दगा दिला तोवर अमेरिकेतल्या महिला लीगमधल्या (डब्ल्यूएनबीए) सिअ‍ॅटल स्टॉर्म संघाकडून दोन विजेतेपदं आणि तीन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) किताब तिच्या नावावर होतेच. पण मला ती सगळ्यात मोठी वाटते निवृत्ती मोडून खेळलेल्या २०२२च्या सिडनी विश्वचषकात. वय ४१, घरी दोन लहान मुलं, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध तब्बल ३० गुण! घरच्या प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ती संघात होती, तिथेही कांस्य. म्हणजे ऑलिम्पिक पदकं एकूण पाच. आणि हो, तिची १५ नंबरची जर्सी मूळची आईची. आई-वडील दोघंही ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले.