परतीच्या पावसात मूल मागे बसवून सायकल: ब्रेकबद्दल

मागच्या सीटवर मूल असताना परतीच्या पावसात ब्रेक उशिरा लागतात, अशी तक्रार असेल तर हे वाचा. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबर दाबून थांबवणारे) असतील तर दोष बहुधा ओल्या रिमचा. ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मगच पकड येते; म्हणून थांबायच्या बरंच आधीपासून दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवा. रबर काढून बघाच. करडे, चमकणारे कण रुतलेले दिसले तर टाचणीने उपटा आणि वर पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर तेच कण रिम खातात.

चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीला एकच थेंब तेल. जास्तीला चिखल चिकटतो.

मुलाला पोंचो नको, टोक स्पोकमध्ये अडकतं. रेनकोटची जॅकेट-पँट घाला. नोव्हेंबरच्या सकाळी त्याला तुमच्यापेक्षा एक कपडा जास्त हवा: पेडल तुम्ही मारता, गारठतं ते.