कंबरेसाठी कायरोप्रॅक्टरकडे जावं का? अनुभव सांगा

वाकडी_कंबर:
मंडळी, बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तसाच राहिलो. दोन वर्षांतली ही तिसरी खेप. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी थोडी सरकलेली दिसते. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, हिंडते-फिरते राहा. आता घरचे कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जा म्हणून मागे लागलेत. व्हिडिओतला तो 'कट्' आवाज ऐकूनच माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या दिवशी काय करतात? दुखतं का? किती वेळा जावं लागतं?

निवांत:
मी गेले होते, कंबरेसाठीच. पहिल्या दिवशी बराच वेळ नुसती चौकशी आणि तपासणी झाली. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली. मग म्हणाले, पायाचा अंगठा वर ओढून धरा, मी खाली दाबतो. दोन्ही अंगठ्यांनी दाद दिली नाही तेव्हा म्हणाले, बरं झालं, यात जोर कमी असता तर मी हात न लावता परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तिथेच माझा विश्वास बसला.
मग कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पोटाशी घ्यायला लावला आणि एक छोटा झटका. आवाज आला, दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कंबर आंबली होती, व्यायाम सोडून महिन्यांनी जोर काढल्यावर आंबते तशी. दीड दिवसात गेलं.

फिजिओताई:
तो आवाज सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी होते त्याचा, बोटं मोडताना येतो तोच. हाड 'जागेवर बसल्याचा' नाही आणि सरकलेली गादी कोणी हाताने आत ढकलत नाही. तरी उपचार थोतांड म्हणणार नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी औषधांआधी ज्या गोष्टी सुचवल्या आहेत त्यांत हे मणक्यांचं मॅनिप्युलेशनही (हाताने झटका देणं) आहे, व्यायामही आहे. फायदा बेताचाच, पण काही दिवस दुखणं उतरतं. त्या दिवसांत व्यायाम सुरू केलात तर खरी कमाई. उताणं झोपून कंबर उचलणं, मग चार पायांवर येऊन उजवा हात-डावा पाय लांब करणं. चार-सहा वेळा जाऊन काहीच फरक नसेल तर थांबा.
आणि हे आधी वाचा: लघवी अडणं किंवा आपोआप होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ गाठा. हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. मानेचा झटका मी तरी घेऊ देणार नाही. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत, अगदी क्वचित, पण आहेत. तुमचं दुखणं कंबरेत आहे, मानेला हात लावायचं कारणच नाही.

शंकासुर:
हा प्रकार १८९५ साली अमेरिकेत डॅनियल पामर यांनी सुरू केला. त्यांच्या मते बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात! आजही कोणी दमा, मधुमेह मणक्यातून बरा करतो म्हणालं तर चपला घालून निघायचं. मला एकाने पहिल्याच दिवशी चाळीस भेटींचं पॅकेज पुढे केलं होतं, आगाऊ पैसे भरून. तेव्हा कंबर दुखत असूनही मी झटकन उठलो.

वाकडी_कंबर:
जाऊन आलो. झटक्याच्या वेळी ओरडलो, पण आवाजालाच घाबरून. तीन भेटी झाल्या, आता सकाळी पलंगावरून उठताना भिंत धरावी लागत नाही. चार पायांवरच्या व्यायामात अजून तोल जातो, पोरं हसतात. सध्या बिननाडीचे बूट घेतलेत.

फिजिओताई:
नाडीचेच घाला हो. पाय स्टुलावर ठेवा आणि पाठ न वाकवता खुब्यातून वाका. तोही व्यायामच आहे.